आषाढीची अभंग बैठक : मॉनिटर आणि इफेक्ट मिक्सच्या नोंदी

शनिवार, १४ जून २०२५

कार्यक्रम ६ जुलैला, आषाढी एकादशीच्या संध्याकाळी साडेसहाला. जागा डोंबिवलीतलं आपलंच सभागृह: साडेतीनशे खुर्च्या, मागची भिंत कोरी, एका बाजूच्या व्हरांड्यावर पत्रा. गेल्या वर्षीपर्यंत ॲनालॉग मिक्सर होता, चार ऑक्सचा, म्हणजे वेगळं मिक्स बाहेर काढायच्या चार वाटांचा. त्यातला एक रिव्हर्बला जायचा आणि उरलेल्या तिनांत सगळा मंच भागवायचा. बुवांना हवी असलेली पेटी आणि तबलजीला हवा असलेला बुवांचा आवाज एकाच मॉनिटरमधून, म्हणजे कलाकारांना ऐकवणाऱ्या एकाच खोक्यातून. आता बेहरिंगरचा एक्स३२ हा डिजिटल कन्सोल (मिक्सर) आलाय, सोबत माइक जोडायला मंचावर ठेवायचा एस१६ स्टेज बॉक्स. सोळा मिक्स बस (ऑक्ससारख्याच वाटा), रिव्हर्बसारख्या इफेक्टसाठी आठ स्लॉट.

बातमी फुटली आणि मागण्या सुरू झाल्या. कीबोर्डवाल्याला स्टिरिओ हवं. बासरीवाल्याला कानातलं मॉनिटर हवं, त्यात इको हवा. साइड ऱ्हिदमवाला म्हणतो, मलाही वेगळा खोका द्या. सगळं लिहून घेतलं, हो कुणालाच म्हटलेलं नाही. बस सोळा आहेत म्हणून मिक्सही सोळा करायचे असं नसतं. मंचावर मॉनिटरचा एक खोका वाढला की तो बुवांच्या माइकमध्ये शिरणारच, आणि तिथून मेनमध्ये, म्हणजे हॉलच्या स्पीकरमध्ये. मग हॉलमध्ये बसलेल्या माणसाला गाणं धुरकट ऐकू येतं आणि तो म्हणतो, साउंड बरोबर नव्हता.

चॅनेल बरोबर सोळात बसवले, एस१६ ची सोळा इनपुट आहेत म्हणून. बुवा आणि बुवांचा राखीव माइक, पेटीला दोन, तबला आणि डग्गा, पखवाजाच्या दोन बाजू, बासरी, साइड ऱ्हिदम, कीबोर्डचे दोन डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडायचे डबे), इलेक्ट्रॉनिक तानपुरा, कोरसला दोन, शेवटचा निवेदिकेचा. टाळांना माइक नाही. चार टाळकरी त्या हॉलमध्ये वाजवायला लागले की माइक नसतानाही सगळ्या माइकमध्ये तेच असतात.

आउटपुट आठ. बस १ बुवा, २ पेटी, ३ तबला-पखवाज मिळून, ४ कोरस. हे चार जमिनीवरचे मॉनिटर. बस ५-६ जोडी बासरीच्या कानाला, ७-८ जोडी कीबोर्डच्या कानाला. साइड ऱ्हिदमवाला तबलजीच्या शेजारी बसतो, बस ३ चा खोका त्याच्याकडे थोडा वळवला की झालं. इफेक्टसाठी बस १३ पासून पुढे, कारण या कन्सोलवर १३ ते १६ मूळच्याच पहिल्या चार इफेक्ट स्लॉटना जोडलेल्या असतात. ती जोडणी बदलता येते, पण बदलायला कारण नाही.

शनिवार, २१ जून

आज फक्त गेन (माइकचा आवाज आत घेतानाच प्रीॲम्प देतो ती वाढ) आणि टॅप. कलाकार कोणी नाही, माझ्यासोबत मंडळातला एक कॉलेजचा मुलगा. तो माइकमागून माइक बोलत गेला.

गेन आधी कायमचा ठरवायचा हे त्याला समजावलं. मॉनिटर आणि मेन एकाच कन्सोलवरून चालतात, प्रीॲम्प एकच. कार्यक्रमात मध्येच बुवांचा गेन ३ डीबी वाढवला तर तो मेनमध्ये ३ वाढतो, चारही मॉनिटरमध्ये ३ वाढतो आणि रिव्हर्बमध्येही. शिट्टी कुठून आली ते शोधेपर्यंत ध्रुपद संपलेलं असतं. म्हणून जोरातलं गाणं मीटरवर उणे १८ च्या आसपास, एखादी तान उणे १० पर्यंत, आणि मग त्या नॉबला हात नाही.

टॅप पॉइंट हा आजचा खरा विषय. सेंड, म्हणजे बसकडे पाठवायचा आवाज, चॅनेलमधून कुठल्या ठिकाणाहून उचलायचा ते एक्स३२ वर बसच्या जोडीजोडीनं ठरतं: १-२, ३-४ असं. मॉनिटर सगळे फेडरच्या (मेनमधली पातळी ठरवणाऱ्या सरकपट्टीच्या) आधी. मेनमध्ये मी पेटी खाली घेतली तर बुवांच्या मॉनिटरमधली पेटी जागची हलता कामा नये, ते सूर तिच्यावर ठेवतात. इफेक्ट सगळे फेडरच्या नंतर. नाहीतर फेडर शून्यावर आणला तरी रिव्हर्बमध्ये भुतासारखा आवाज मागे राहतो.

फेडरच्या आधी म्हणजे नेमकं कुठून, हा मात्र विचार करण्यासारखा भाग. सरळ प्री-फेडर घेतलं तर कॉम्प्रेसरही (जोराचा आवाज दाबणारा भाग) मॉनिटरमध्ये येतो. बुवांच्या चॅनेलला मेनसाठी ३:१ चा कॉम्प्रेसर आणि थोडा मेकअप गेन (दाबलेलं भरून काढणारी वाढ) लागणार आहे. बुवा गात असतात तेव्हा तो दाबतो; थांबले की सोडतो, मग मेकअपचा तेवढा जास्तीचा गेन उघड्या माइकवर उरतो. शिट्टी येते ती नेमकी त्या शांततेत. शिवाय गाणारा जोर लावतो आणि मॉनिटर त्याला तेवढा परत देत नाही, मग तो आणखी ओरडतो. म्हणून कॉम्प्रेसर इक्यूच्या (खालच्या-वरच्या सुरांचं प्रमाण बदलणाऱ्या भागाच्या) नंतर ठेवला आणि बस १-२, ३-४ चे टॅप पोस्ट-इक्यूवर. म्हणजे चॅनेलचा इक्यू मॉनिटरला मिळतो, कॉम्प्रेसर नाही. याची किंमत अशी की चॅनेलच्या इक्यूवर फार कोरीव काम करायचं नाही, हॉलसाठीची मोठी दुरुस्ती मेनच्या इक्यूवर करायची.

कानातल्या जोड्या मात्र प्री-फेडरच. तिथे शिट्टीचा प्रश्न नाही आणि दाबलेला आवाज कानाला बराच वाटतो. त्या दोन्ही जोड्यांच्या बसवर कॉम्प्रेसर लिमिटरसारखा लावला, म्हणजे ठरावीक पातळीवर आवाज अडवणारा, रेशो १००. कोणी चालू माइक पाडला तर तो थेट कानाच्या पडद्यावर आदळायला नको.

बुवांचा लो कट ८० हर्ट्झवर ठेवला, म्हणजे त्याखालचं कापायचं. त्या मुलाने विचारलं, सगळे १०० किंवा १२० ठेवतात ना? बुवा काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ, मंद्र पंचम १०४ च्या. १२० ठेवला तर आलापात ते खाली उतरतील तेव्हा आवाजातला गाभा आपणच कापलेला असेल.

रविवार, २२ जून

पहिली तालीम. बुवा, पेटी, तबला एवढेच आले.

बैठकीच्या गाण्यात मॉनिटरची एक अडचण आहे, ती उभ्या गायकांसोबत काम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जमिनीवरचा मॉनिटर उभ्या माणसासाठी बनवलेला असतो. आपल्या खोक्याचं तोंड साधारण ४५ अंशांत वर बघतं. बुवा मांडी घालून बसले की कान जमिनीपासून पाऊण मीटरवर. खोका सव्वा मीटर पुढे ठेवला तर त्याचा रोख तिथे पोचेपर्यंत १.४ मीटर उंचीवर गेलेला असतो. म्हणजे हॉर्नमधून (खोक्यातल्या वरच्या सुरांच्या भागातून) येणारे सगळे शब्द डोक्यावरून मागच्या पडद्यावर, आणि बुवांना मिळते ती नुसती घूं घूं. ते म्हणतात, “वाढवा.” साउंडवाला वाढवतो. घूं घूं वाढते.

मी आज फेडरला हातच लावला नाही. सुताराकडून चार लाकडी ठोकळे कापून आणले होते, ते खोक्याच्या प्रेक्षकांकडच्या कडेखाली सारले, म्हणजे तोंड बुवांकडे झुकलं. खोका बुवांच्या जवळही ओढला, ऐंशी सेंटीमीटरवर. मग मी स्वतः बुवांच्या जागी मांडी घालून बसलो आणि त्या मुलाला माइकवर बोलायला लावलं. मान हलवून बघितली: हॉर्न समोर दिसतोय, कानाच्या रेषेत. पुन्हा बुवांना बसवलं. त्याच पातळीवर त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि म्हणाले, “जरा कमी करा, फार तोंडावर येतंय.”

माइक शुअरचा एसएम५८. तो पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे हवा. छोट्या बूम स्टँडवरचा माइक खालून वर तोंडाकडे वळवला की त्याची शेपटी आपोआप खाली पुढे, खोक्याकडे जाते. बैठकीत हा एक फायदा फुकटात मिळतो. मात्र बुवांना माइक हातात घ्यायची सवय आहे आणि ते जाळीवर मूठ बांधतात. मूठ बांधली की पाठीमागची भोकं झाकली जातात, माइक सगळीकडून ऐकायला लागतो. हात जोडून विनंती केली: “बुवा, जाळीवर बोटं नकोत.” हसले. बघू.

शनिवार, २८ जून

मॉनिटर शिट्टीपर्यंत नेऊन इक्यू करायचा दिवस. हॉल रिकामा, पंखे बंद.

पाचव्या ते आठव्या स्लॉटचा उपयोग इथे होतो. ते चार फक्त इन्सर्टसाठीच असतात, म्हणजे आवाजाच्या वाटेत मध्येच बसवायला. प्रत्येकात दुहेरी ग्राफिक इक्यू (सुराच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी पट्टी) टाकता येतो, म्हणजे चार स्लॉटमध्ये एकूण आठ ग्राफिक. मला चार पुरे: स्लॉट ५ मध्ये बस १ आणि २, स्लॉट ६ मध्ये ३ आणि ४.

पद्धत नेहमीची. सगळे माइक जागेवर, नेहमीच्या गेनवर उघडे. एका बसचा मास्टर हळूहळू वर न्यायचा, शिट्टीची चाहूल लागली की ती पट्टी दोन-तीन डीबी खाली. पुन्हा वर. दोन-तीन पट्ट्यांनंतर थांबायचं. चौथ्या-पाचव्या पट्टीपासून मिळतं काहीच नाही, नुसता आवाज पोकळ होत जातो. शिट्टी पट्ट्यांनी मरते हा समज जुना आहे. ती मरते ती जागेने आणि पातळीने.

बस १ वर पहिली शिट्टी २ किलोहर्ट्झला, दोन डीबी काढले. दुसरी आली ती २८० च्या आसपास, शिट्टी नव्हे, हुंकार. ग्राफिकवर तिथे २५० आणि ३१५ अशा दोन पट्ट्या आहेत आणि २८० नेमका दोघींच्या सीमेवर पडतो. दोन्ही तीन-तीन डीबी खाली घेतल्या की हुंकार गेला. घेऊन बघितल्या आणि परत वर केल्या.

कारण काळी एकचा तार षड्ज २७७ हर्ट्झ. बुवा ज्या स्वरावर जाऊन थांबणार, जिथे अख्खा हॉल श्वास धरून असतो, तोच स्वर त्यांच्या मॉनिटरमधून मी पातळ करणार. त्यांना तो कमी ऐकू येणार, मग ते गळा ताणणार. आणि तबलाही काळी एकलाच लावलेला असतो, चाटीची आसही (मागे रेंगाळणारा स्वर) तिथेच. म्हणजे २७७ ला मंचावर आधीच गर्दी आहे.

मग मुळाकडे गेलो. बुवांच्या मॉनिटरमध्ये तबल्याचा सेंड होता उणे ८ वर, कारण तालमीत तबला मागितला होता. तबलजी बुवांच्या उजव्या हाताला दीड मीटरवर बसतो, तबला त्यांना हवेतूनच भरपूर येतो. तो सेंड पूर्ण बंद केला. पेटीचा तीनने कमी केला. आता बस १ चा मास्टर पुन्हा वर नेला तर हुंकार आला तो आधीच्यापेक्षा बऱ्याच वरच्या पातळीला, आणि ३१५ वर फक्त दीड डीबी काढून भागलं. शेवटी जिथे शिट्टी सुरू होते त्याच्या ६ डीबी खाली मास्टर ठेवला. ही सहाची उशी कार्यक्रमाच्या दिवशीची, तिला तालमीत हात लावायचा नाही.

चारही मॉनिटर बसवर १२० च्या खालचं कापलं. खालचे सूर मेनच्या बेसमधून मंचावर असेही फिरत येतात. अपवाद बस ३: पखवाजवाल्याला आपली थाप पोटात लागावी लागते, तिथे ८०.

रविवार, २९ जून

इफेक्ट.

आपल्याकडे कलाकार सगळ्याच गोष्टींना इको म्हणतात. रिव्हर्बही (घुमणं) इको, डिलेही (उशिराने पुन्हा येणारा आवाज) इको. मागताना “इको वाढवा” म्हणतात आणि बऱ्याचदा त्यांना हवी असते ती स्वराला आस. ती प्लेट रिव्हर्बने मिळते, तीही थोड्याने.

स्लॉट १ मध्ये प्लेट, बस १३ वरून, बुवा-बासरी-कोरससाठी. डिके (झाक विरायचा वेळ) १.६ सेकंद, प्री-डिले (झाक सुरू होण्याआधीचा वेळ) ४० मिलिसेकंद. प्री-डिले शब्दांसाठी. अभंगात शब्द बुडला तर उरलं काय? चाळीस मिलिसेकंद मध्ये मोकळे सोडले की व्यंजन आधी कोरडं पोचतं आणि झाक त्याच्या मागून येते. रिटर्नच्या (इफेक्टमधून परत येणाऱ्या आवाजाच्या) इक्यूवर २५० च्या खालचं कापलं आणि ६ किलोहर्ट्झच्या वरचं मऊ केलं. वरचं न कापता ठेवलं तर टाळांचा जो भाग बुवांच्या माइकमध्ये शिरतो तो रिव्हर्बमधून चकाकत राहतो, पत्र्यावर चिल्लर सांडल्यासारखा.

स्लॉट २ मध्ये छोटी रूम, तबल्याला आणि पखवाजाच्या शाईच्या बाजूला. कणकेच्या बाजूला काहीच नाही. खालच्या आवाजाला रिव्हर्ब दिला की लय चिखलात जाते.

स्लॉट ३ मध्ये डिले ठेवायचा की नाही यावर कीबोर्डवाल्याशी बराच वाद झाला. त्याला तालात बसणारा डिले हवा होता, टॅप टेम्पोवर, म्हणजे बटण ठोकून लय देत. भावगीतात ठीक. अभंग सुरू होतो तेव्हा भजनी ठेका समजा मिनिटाला ८४ वर असतो, एका मात्रेचे ७१४ मिलिसेकंद. शेवटी तो १३२ वर गेलेला असतो, म्हणजे ४५५. मधल्या दहा मिनिटांत लय एकसारखी चढत राहते आणि मी काय, सतत बटण ठोकत बसू? लयीशी न जुळणारा डिले म्हणजे मंचावर एक जास्तीचा, बेताला टाळकरी. शेवटी १२० मिलिसेकंदाची एकच हलकी पुनरुक्ती ठेवली, फीडबॅक शून्य, लयीशी संबंध नाही. तीही फक्त बुवांना, आणि फक्त सुरुवातीच्या आलापाला. त्याला पटलं असं नाही, पण कन्सोल माझ्याकडे आहे.

मॉनिटरमध्ये इफेक्ट द्यायचे तर इफेक्ट रिटर्नलाही चॅनेलसारखे सेंड असतात, तिथून. बासरीच्या जोडीत प्लेट बऱ्यापैकी दिली. कान बंद असलेल्या माणसाला कोरडी बासरी ऐकवली तर तो फुंक जास्त मारतो. कोरसचा एक माइकही त्याला थोडा दिला, म्हणजे हॉल जिवंत वाटतो. बुवांच्या खोक्यात प्लेट उणे २० वर, असून नसल्यासारखी. एक गोष्ट पक्की तपासून ठेवली: प्लेटच्या रिटर्नचा बस १३ कडे जाणारा सेंड पूर्ण बंद. तो चुकून उघडला तर रिव्हर्ब स्वतःलाच खाऊ घालत फुगत जातो, आणि कोणता माइक शिट्टी मारतोय ते शोधत बसावं लागतं.

बुधवार, २ जुलै

स्टेज बॉक्सपर्यंतची केबल. भाड्याने आणलेली निघाली साधी, शिल्डिंग नसलेली. मंचावर कोणी सतरंजीवरून पाय घासत आलं की टक् टक्. एईएस५० साठी (कन्सोल आणि स्टेज बॉक्समधल्या डिजिटल जोडणीसाठी) शिल्डेड कॅट-५ई लागते, कनेक्टरही धातूचं. नवीन आणली, टक् टक् थांबलं. दोघांचं डिजिटल घड्याळ (सॅम्पलिंगचा वेग) कन्सोलचं, ४८ किलोहर्ट्झ.

शुक्रवार, ४ जुलै

पूर्ण ताफ्यासोबत तालीम.

पखवाजवाले काका आले, आधी डब्यातून कणकेचा गोळा काढला. पाणी लावून मळत बसले, मग डाव्या पुडीवर थापला, अंगठ्याने कडा दाबत गेले, मध्येच वाजवून बघितलं, चिमूटभर काढली, पुन्हा वाजवलं. हे चालू असताना माइक जवळ आणायचा नसतो. एक तर कणकेचे तुकडे जाळीत जातात, आणि मुख्य म्हणजे सूर बसायच्या आधी केलेला इक्यू फुकट जातो. त्यांचं झाल्यावर माइक वीतभर अंतरावर, थोडा तिरका. कणीक वाळली की आवाज वर सरकतो, म्हणून मध्यंतरात ते पुन्हा पाणी लावतील. ते होईपर्यंत चॅनेल ७-८ म्यूट. या कन्सोलवर म्यूट केल्यावर प्री-फेडर सेंडही बंद व्हावेत की नाही हे सेटिंगवर असतं. आपल्याला बंद व्हायलाच हवेत, करून बघून खात्री केली.

बासरीवाल्याला आणि कीबोर्डवाल्याला फोनवर एक्स३२-क्यू हे ॲप दिलं. ज्याची त्याला बस दिसते, आपलं मिक्स आपण करायचं. दोघंही खूश, माझी डोकेदुखी कमी. बुवांच्या आणि पेटीच्या मिक्सला फोन नाही. मागणी तोंडानेच यायला हवी, कारण तिचा अर्थ लावायचा असतो.

आजच उदाहरण मिळालं. चौथ्या अभंगात बुवांनी बोट वर केलं, म्हणजे वाढवा. अंतरा संपेपर्यंत थांबलो, टॉकबॅकवरून (कन्सोलवरच्या बोलायच्या माइकवरून) बस १ मध्ये विचारलं, “बुवा, तुमचा आवाज की पेटी?” म्हणाले, “माझा. दबतोय.” हेडफोनवर बस १ ऐकली तर त्यात आवाज स्वच्छ वर होता. मग दबत होता कशाने? मंचावर जाऊन त्यांच्यामागे उभा राहिलो. कोरसच्या मॉनिटरमध्ये कीबोर्ड इतका होता की तो खोका बुवांच्या डाव्या कानावरच येत होता. कोरसच्या ताईंना विचारलं, “कीबोर्ड लागतो का तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “छे, आम्हाला पेटी पुरे.” बस ४ मधला कीबोर्ड काढला, खोका दोन वीत बाहेर वळवला. बस १ ला हात लावला नाही. पुढच्या अभंगाला बुवांनी मान डोलावली.

मंचावर कुणीही वाढवा म्हटलं की मी आधी काय कमी करता येईल ते बघतो. दहातल्या आठ वेळा वाढवायची वेळच येत नाही.

निवेदिकेच्या आणि बुवांच्या बोलण्यासाठी म्यूट ग्रुप १ (एका बटणावर एकत्र बंद होणारे): बस १३ आणि १५ चे मास्टर. रिटर्न नव्हे, बस. रिटर्न म्यूट केला तर शेवटच्या स्वराची झाक कात्रीने कापल्यासारखी तुटते; बस म्यूट केली तर आत जाणं थांबतं आणि आतली झाक आपल्या गतीने विरते. बुवा “बोला पुंडलिक वरदे” म्हणून लगेच निरूपणाला लागतात, तेव्हा बोट या बटणावर हवं. निरूपण रिव्हर्बमध्ये ऐकलं की रेल्वे स्टेशनवरची घोषणा वाटते, माणूस बोलतोय असं वाटत नाही.

शनिवार, ५ जुलै

मागच्या भिंतीचं काम. मंचापासून ती सतरा मीटर. मेनचा आवाज जाऊन परत यायला शंभर मिलिसेकंद. मंचावर बसणाऱ्याला प्रत्येक थापेची उशिराची नक्कल ऐकू येते, तबलजी त्यावर कुरकुरत होता. वरचे स्पीकर थोडे खाली झुकवले, लोकांवर. नाटकाचे जुने काळे पडदे माळ्यावर होते, ते त्या भिंतीवर सोडले. धूळ भयंकर, पण नक्कल निम्म्याने मेली.

सीन (कन्सोलची पूर्ण मांडणी) साठवला, यूएसबीवरही घेतला. निवेदन, बैठक, गजर असे तीन. सीन बदलताना गेन आणि चारही मॉनिटर बस रिकॉल-सेफमध्ये, म्हणजे सीन फक्त मेन आणि इफेक्ट हलवेल. आठपैकी चार डीसीए (अनेक चॅनेल एकत्र हलवणारे फेडर) वापरले: बुवा, कोरस, तालवाद्यं, सुरांची वाद्यं. डीसीए हलला तरी मॉनिटर हलत नाहीत, इफेक्ट मात्र सोबत जातात, हवं तसंच.

त्या मुलाला एकच गोष्ट दहादा सांगितली: सेंड्स ऑन फेडरचं (फेडरवर बसचे सेंड आणणारं) बटण पेटलेलं असताना फेडर म्हणजे मेन नाही. काम झालं की विझव.

रविवार, ६ जुलै

साबुदाण्याची खिचडी खाऊन दुपारी दोनला हजर. पाऊस सकाळपासून.

हॉल भरला, भिंतींना टेकून लोक उभे. रिकाम्या हॉलमध्ये पुरेशी वाटणारी प्लेट भरल्या हॉलमध्ये गायबच झाली, माणसं आणि ओले कपडे सगळं पितात. रिटर्न ३ डीबी वर. हे अपेक्षितच होतं, म्हणून तालमीत जाणूनबुजून कोरडं ठेवलं होतं.

दुसऱ्या अभंगात पाऊस वाढला, व्हरांड्याचा पत्रा गडगडायला लागला. बुवांचं बोट वर. या वेळी कमी करण्यासारखं काही नव्हतं, पावसाला म्यूट नाही. बस १ चा मास्टर दोन डीबी वर, सहाच्या उशीतून. बस २ एकाने. पाऊस ओसरला तशी ती दोन्ही परत जागेवर आणली. कलाकार कमी करा असं सहसा सांगत नाहीत, ते आपणच लक्षात ठेवायचं.

दमट हवेने तबला उतरत होता, तबलजी दर अभंगानंतर हातोडी घेत होता. त्या ठोक्यांच्या वेळी चॅनेल ५ म्यूट. बुवांनी चौथ्या अभंगानंतर माइक हातात घेतला आणि मूठ जाळीवर. बस १ लगेच दीड डीबी खाली, आणि पेटीवाल्यांनी कोपराने खूण केली तशी बुवांची बोटं खाली सरकली. पेटीवाल्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं, बावीस तारखेला त्यांनी ऐकलं असावं.

गजराला अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. सीन तीन. कोरस वर, प्लेट अर्धी, कारण एवढ्या माणसांचा आवाज हाच रिव्हर्ब. मॉनिटर तिथेच. टाळांच्या त्या गदारोळात मंचावर कोणाला काही ऐकू येत नव्हतं, आणि कोणी काही मागितलंही नाही.

मंगळवार, ८ जुलै

उरलेली कामं. साइड ऱ्हिदमवाल्याने सामाईक खोक्याबद्दल तक्रार केली नाही, तेव्हा कार्तिकीलाही तसंच. कोरसचे दोन माइक आणखी जवळ हवेत, टाळ फार आले. लाकडी ठोकळ्यांवर रबर चिकटवायचं, घसरत होते. ग्राफिकवर बस २ ची ८०० ची पट्टी पुन्हा ऐकून बघायची, पेटी तिथे जरा नाकातली झाली. ते काळे पडदे भिंतीवर तसेच राहू द्यावेत अशी विनंती कार्यकारिणीला दिली आहे, आधी धुऊन. केबलचं बिल खजिनदारांकडे.